हक्काचे घर, जागता रस्ता

आमच्याकडे पोळ्यांना येणाऱ्या मावशी पर्वती पायथ्याच्या भाड्याच्या खोलीतून वडगाव खुर्दला पंतप्रधान आवास योजनेतील घरात गेल्या. घर जेमतेम ३० चौरस मीटरचे. पण सार्वजनिक शौचालयाची रांग सुटली, मुलगी दार लावून अभ्यास करते. दर अकरा महिन्यांनी बिऱ्हाड हलवणे नाही, म्हणून शाळाही बदलत नाही. खाली भाजीवाला, पिठाची गिरणी आली. ओसाड रस्ता रात्रीही जागता असतो. ‘अशी घरे आली की भाव पडतात’ म्हणणाऱ्यांनी (आमच्या सोसायटीतही आहेत!) तिथे फिरून यावे. मोठ्या गृहप्रकल्पांत २० टक्के घरे अल्प उत्पन्न गटांसाठी ठेवण्याचा राज्याचा नियम आहे. पुण्यात प्रकल्पनिहाय अशी किती घरे मिळाली, ती यादी जाहीर व्हावी.

– एक वाचक, सिंहगड रस्ता, पुणे