फळ्यावरचं ‘नाही’ कुठं गेलं?

संपादक महाशय, स. न. वि. वि.

लालबाग-परळ भागातल्या एका जुन्या मालवणी खानावळीबद्दल लिहायचं आहे. नाव लिहीत नाही, कारण त्या घराचं अन्न आमच्या घराने खाल्लं आहे. माझे सासरे मिलमध्ये साचेवाले, म्हणजे मागावर कापड विणणारे होते. बायको-मुलं वेंगुर्ल्याला आणि ते इथे गाळ्यात, तेव्हा महिन्याच्या बोलीवर त्या खानावळीतच जेवायचे. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाख कामगार घरी बसले. त्या दिवसांत खानावळवाल्या काकींनी सासऱ्यांचं ताट बंद केलं नाही, वहीत मांडून ठेवलं. ते पैसे फेडायला पुढे तीन वर्षं लागली आणि काकींनी एकदाही मागणी केली नाही.

१९८४ ला लग्न होऊन मी मुंबईत आले. पगार झाला की पहिल्या रविवारी आम्ही दोघं तिथे जायचो. दाराशीच काळा फळा असायचा. आज काय मिळालं ते खडूने लिहिलेलं आणि काय नाही तेही लिहिलेलं. ‘सुरमई नाही’, ‘तिसऱ्या नाहीत’. मी तरी सुरमईच मागायची, तर काकी आतून ओरडायच्या, “वयनी, सुरमय नाय आज. बांगडो बरो आसा, तो खावा.” आणि ते बांगड्याचं तिखलं यायचं. तिरफळं बी काढून, जराशी ठेचून घातलेली, खोबरं बेताचं, वर चमचाभर खोबरेल. जिभेला मुंग्या यायच्या. पावसाळ्यात तर निम्मा फळा ‘नाही’नेच भरलेला असायचा. मग सुक्या बोंबलाची चटणी, सुकटीचं कालवण, कधी खाडीची चिंबोरी. कुणाची तक्रार नसायची. समुद्र बंद आहे हे गिऱ्हाइकालाही ठाऊक होतं.

काकी गेल्या. आता धंदा पुढच्या पिढीकडे आहे. एसी आला, भिंतीवर होडीचं मोठं चित्र आलं, फळा गेला. एसी आणि चित्राबद्दल माझं काही म्हणणं नाही. मासा महागला, गॅस महागला, जागेचं भाडं मला कळतं. थाळीचे पैसे वाढले म्हणून मी पेपरला पत्र लिहिणार नाही.

श्रावण लागायच्या आधीच्या रविवारी आम्ही गेलो. भर जुलै, यांत्रिक बोटींना १ जून ते ३१ जुलै बंदी. तरी मेनूकार्डावर सुरमई, पापलेट, हलवा, रावस, सगळं हजर. दोन सुरमई थाळ्या मागवल्या. रवा लावलेला तुकडा आला तो पांढराफटक, सपाट. सुरमईच्या तुकडीत मधोमध गोल काटा असतो, कडेला चंदेरी काळपट साल असते. इथे काटा नाही, साल नाही आणि बोटाने दाबला तर पाणी सुटलं. यांनी एक घास घेतला आणि ताट बाजूला सारलं. चाळीस वर्षांत या माणसाने ताटात मासा टाकलेला मी पाहिला नव्हता. हळूच म्हणाले, “ही सुरमई नव्हे, बासा आहे.” बासा म्हणजे गोड्या पाण्यातला, काटे काढून बर्फात येणारा स्वस्त मासा. वाढणाऱ्या पोराला विचारलं तर म्हणाला, “सर, बोनलेस सुरमई आहे.” त्या पोराला मी दोष देत नाही, त्याला जे सांगितलं तेच तो बोलला. मॅनेजर म्हणाले, “आम्ही बारा महिने सगळं देतो.”

सोलकढी गुलाबी शाईसारखी होती, नारळाच्या रसाचा पत्ता नव्हता. वडे मैद्याच्या पुऱ्यांसारखे.

बिल असं: दोन थाळ्या ११२०, जादा सोलकढी १४०, पाण्याची बाटली ४०. त्यावर १० टक्के सेवा शुल्क १३० आणि त्या सगळ्यावर ५ टक्के जीएसटी. झाले १५०१ रुपये ५० पैसे. सेवा शुल्क बिलात आपोआप लावता येत नाही, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्येच सांगितलं आहे आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही ते उचलून धरलं. मी ते काढायला लावलं. शेजारच्या टेबलावरच्यांनी गुपचूप भरलं, म्हणून इथे लिहिते. काढत नसतील तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा.

सणासुदीला अन्न व औषध प्रशासन खव्या-पनीरवर छापे घालतं, तशी ताटातल्या माशाच्या नावाचीही तपासणी व्हावी. बासा वाईट मासा आहे असं नाही. ज्याला काटे काढता येत नाहीत त्याने तो खुशाल खावा, पण बासा म्हणून आणि बासाच्या भावात. बर्फातला मासा असेल तर कार्डावर तसं लिहा.

आणि मालकांना, ते हे वाचतील म्हणून, एवढंच सांगते: तो फळा माळ्यावर कुठे पडला असेल तर काढा, पुसा आणि दाराशी लावा. गौरी-गणपती झाले की आम्ही दोघं पुन्हा येणार आहोत. ‘सुरमई नाही’ असं लिहिलेलं दिसलं, तर आत येऊन बसू आणि जे असेल ते जेवू.

आपली,
एक वाचक, लालबाग, मुंबई