अंगठ्याने उघडणारा फोन तुमच्याच सर्व्हिस सेंटरमध्ये लॉक झाला, त्याबद्दल तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय: वडिलांचा लॉक झालेला फोन, चुकीचा सल्ला आणि न सोडवता बंद केलेली तक्रार

सर/मॅडम,

मी तासगाव तालुक्यातून लिहितोय. आमच्या आप्पांचा फोन तुमच्याच वेबसाईटवरून घेतलेला आहे, बिल आणि बॉक्सचा फोटो सोबत जोडलाय. तुमच्या माणसांनी माझी तक्रार "ग्राहकाने सेवा नाकारली" असं लिहून बंद केली आहे आणि ते खोटं आहे, म्हणून सगळं पहिल्यापासून लिहितो, कृपया पूर्ण वाचा.

ऑक्टोबर छाटणी होऊन द्राक्षबागेत डाऊनी रोगासाठीच्या फवारण्या चालू होत्या तेव्हा आप्पांना पॅरालिसिसचा झटका आला. मिरजेला ॲडमिट केलं. वेळेत नेल्यामुळे जीव वाचला, पण बोलणं अडखळायला लागलं आणि बऱ्याच गोष्टी आठवेनात, त्यात फोनचा पिन पण गेला. फोन मात्र चालू होता आणि त्यांचा अंगठा लावला की उघडत होता. हे मी हॉस्पिटलच्या जिन्यात उभा राहून तुमच्या हेल्पलाईनला स्पष्ट सांगितलं, की अंगठ्याने उघडतोय, पिन आठवत नाही, पिन बदलायला गेलं तर सेटिंगमध्ये जुना पिन मागतोय, काय करू. पलीकडच्या मॅडमनी एवढंच सांगितलं की जवळच्या सर्व्हिस सेंटरला फोन घेऊन जा, ते करून देतील.

म्हणून सांगलीच्या तुमच्या सेंटरला गेलो. काउंटरवरच्या मुलाला तेच सगळं परत सांगितलं. त्याने फोन हातात घेतला आणि "एकदा रीस्टार्ट करून बघू" म्हणत बाजूचं बटण दाबून धरलं, मी काही बोलायच्या आत स्क्रीन काळी झाली. फोन चालू झाला तेव्हा रीस्टार्टनंतर पिन टाका असं आलं. तसाच मिरजेला परत आलो, आप्पांचा अंगठा लावून बघितला, पुसून लावला, दुसऱ्या हाताचा लावला, फोन पिनवरच अडून बसला.

नंतर मी स्वतः माहिती काढली तेव्हा कळलं की यात फोनचा काही दोष नाहीच. ॲंड्रॉइड फोन बंद करून चालू केला की पहिल्यांदा पिनच लागतो, फिंगरप्रिंट चालत नाही, कारण आतला डेटा एन्क्रिप्ट केलेला असतो आणि पिन टाकल्याशिवाय तो खुला होत नाही. रीस्टार्ट नाही केला तरी ७२ तासांत एकदा पिन मागतोच. म्हणजे आमच्या हातात थोडा वेळ होता. आप्पांचा अंगठा लावून फोन उघडायचा, फोटो आणि कागदपत्रं केबलने लॅपटॉपवर घ्यायची, व्हॉट्सॲपचा बॅकअप मारायचा, आणि हे सगळं होईपर्यंत फोन बंद करायचा नाही, एवढं एक वाक्य जर त्या मॅडमनी फोनवर सांगितलं असतं तर आज हे पत्र लिहावं लागलं नसतं. फोन तुम्ही बनवता, रीस्टार्ट केल्यावर काय होतं हे तुमच्या माणसाला माहीत नको का? गिऱ्हाईक पिन विसरलंय म्हणून सांगतंय आणि हा पहिलं काम काय करतो तर बटण दाबतो.

त्यानंतर तिथे एकच उत्तर, फॅक्टरी रीसेट करावं लागेल, सगळं जाईल, इथे सही करा. फॉर्म पूर्ण इंग्रजीत होता. मी सही केली नाही आणि फोन परत घेऊन आलो, यालाच तुम्ही सेवा नाकारली म्हणताय.

रीसेटला मी नाही का म्हणतोय ते पण समजून घ्या. आप्पा वही ठेवत नाहीत. कुठल्या प्लॉटला कुठल्या दिवशी कुठलं औषध मारलं ते ते औषधाच्या डब्याचा फोटो काढून ठेवतात, लेबल दिसेल असा, आणि फोटोखाली प्लॉटचं नाव टाकतात. निर्यातीच्या द्राक्षाला या नोंदी दाखवाव्या लागतात. कोल्ड स्टोरेजला ठेवलेल्या बेदाण्याच्या पावत्या, कुठल्या व्यापाऱ्याकडून किती येणं आहे त्याचे कागद, मजुरांच्या उचली, सगळं त्याच फोनमध्ये फोटो काढून ठेवलंय. ऑनलाईन बॅकअप चालू नव्हता, आमच्या मळ्यात इंटरनेट कसं चालतं ते इथे येऊन बघा. सिम काढून आईच्या फोनमध्ये घातलं, ओटीपी येतात, बँकेचं काम भागलं, पण बागेचा हिशोब सिममध्ये नसतो. आईला त्यातलं अर्धं तोंडपाठ आहे म्हणून घर चाललंय, नाहीतर ऐन हंगामात आम्ही अडकलोच होतो.

तुमच्या चॅटवर विचारलं तर एकाने लिहिलं की गूगल अकाउंट असेल तर रीसेट केल्यावर पण डेटा सेफ राहील. हे सरळ सरळ चुकीचं आहे. ज्याचा बॅकअपच गेलेला नाही तो परत कुठून येणार? रीसेटनंतर जुनं गूगल अकाउंट मागतात ते फोन चोरीचा नाही ना हे बघायला, त्याचा फोटो परत मिळण्याशी काही संबंध नाही. त्या भरवशावर मी हो म्हणालो असतो तर सगळं पुसलं गेलं असतं. त्या चॅटचा स्क्रीनशॉट जोडलाय.

लॉक तोडून द्या असं माझं म्हणणं अजिबात नाही. कंपनीलाही पिनशिवाय उघडता येत नाही हे मला पटलंय, आणि तसंच पाहिजे, उद्या फोन चोरीला गेला तर आम्हालाच त्याचा आधार आहे. डॉक्टर म्हणतात की आठवण हळूहळू परत येऊ शकते, घाई करू नका. आप्पा आता नातवंडांची नावं बरोबर घेतात, मोटारीच्या स्टार्टरचा आवाज आला की कुठल्या विहिरीवरची ते सांगतात. त्यामुळे पिन पण आठवेल या आशेवर फोन आम्ही जपून ठेवलाय.

म्हणून मला तुमच्याकडून एका प्रश्नाचं लेखी उत्तर पाहिजे. या मॉडेलमध्ये पिन ठराविक वेळा चुकला तर फोन आपोआप पुसला जातो का, की फक्त थांबायची वेळ वाढत जाते? हेल्पलाईनला एक जण हो म्हणाला, दुसरा नाही म्हणाला. आप्पांना कधी चार आकडे सुचले तर ते टाकून बघायचे की नाही हे यावर आहे, आणि मला अंदाजावर चालायचं नाही.

बंद केलेली तक्रार परत उघडा आणि त्यावरचा "सेवा नाकारली" हा शेरा काढा. सेंटरने तपासणी म्हणून घेतलेले पैसे परत करा. आणि हेल्पलाईनच्या लोकांना शिकवा की फिंगरप्रिंट चालतंय असं कोणी सांगितलं तर आधी बॅकअप घ्यायला सांगायचं, सेंटरच्या काउंटरवर पण मोठ्या अक्षरात मराठीत लावा की पिन माहीत नसेल तर फोन रीस्टार्ट करू नये. रीसेटचा फॉर्म मराठीत द्या, त्यात डेटा कायमचा जाईल हे पहिल्या ओळीत पाहिजे. आमच्यासारखी अजून किती घरं असतील, घरातल्या मोठ्या माणसाच्या फोनमध्ये सगळा व्यवहार आणि पिन एकट्यालाच माहीत.

ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांप्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला पाहिजे. तसं झालं नाही तर मी १९१५ वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनला तक्रार नोंदवणार आणि गरज पडली तर जिल्हा ग्राहक आयोगात जाणार, कागद सगळे जपून ठेवलेत.

उत्तर ईमेलवर आणि मराठीत द्या. फोन करायचा असेल तर रात्री आठनंतर करा, दिवसा मी बागेत असतो आणि तिथे रेंज मिळत नाही.

आपला ग्राहक,
(नाव, मोबाईल नंबर आणि तक्रार क्रमांक सोबतच्या बिलावर लिहिलाय)