ला ग्रितोना रडत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीत सँड्रा सिस्नेरोस यांच्या ‘वुमन हॉलरिंग क्रीक’ (१९९१) या कथेचा अनुवाद वाचला. चिकाना, म्हणजे मेक्सिकन वंशाच्या अमेरिकन, लेखिका मराठीत यायलाच हव्यात. पण ओढ्याचं नाव तुम्ही ‘रडणारीचा ओढा’ केलंत आणि सगळी कथाच त्यात बुडवलीत.

मुळात नाव आहे ‘ला ग्रितोना’, म्हणजे ओरडणारी. रडणारी ती ‘ला योरोना’. पोटच्या पोरांना पाण्यात बुडवून मग त्यांच्यासाठी काठाकाठाने रडत फिरणारी ही बाई मेक्सिकोत घरोघरी ठाऊक आहे. कथेची नायिका, नवऱ्याचा मार खाणारी क्लेओफिलास तान्ह्याला घेऊन ओढ्याकाठी बसते, तेव्हा तिच्या मनात हीच येते. शेजारणी सोलेदाद आणि दोलोरेस. या नावांचे अर्थ एकटेपण आणि दुःखं. ते तळटीपेत द्यायलाच हवे होते. कारण शेवटी येते ती फेलिस, म्हणजे सुखी. स्वतःच्या पिकअपमधून क्लेओफिलासला पळवून नेताना ती पुलावर टारझनसारखी आरोळी ठोकते. इथे देवमाता मेरी सोडली तर बाईचं नाव कशालाच नाही, हे तिचं कारण. गावाचं ‘सगीन’ हे नावसुद्धा हुआन सगीन या पुरुषाचं. तुमच्या अनुवादात फेलिस ‘किंचाळते’. किंचाळतात भीतीने, साहेब! रडण्याची आरोळी होते, हीच तर कथा आहे.

प्रस्तावनेत म्हटलंय की या लेखिका ‘परंपरा झुगारतात’. हेलेना मारिया विरामोंटेस यांची ‘द मॉथ्स’ (१९८५) वाचली असती तर हे वाक्य लिहवलं नसतं. त्यातली मुलगी बापाचा धाक आणि चर्चची सक्ती टाळून आजीकडे जाते. तिला ताप आला होता तेव्हा हीच आजी कानशिलांवर बटाट्याच्या चकत्या ठेवत, बदलत बसली होती. आजी गेल्यावर तिला शेवटची अंघोळही हीच मुलगी घालते. परंपरेतलं काय टाकायचं आणि काय उराशी धरायचं, ते इथे मुलगी स्वतः ठरवते.

आणि सोबत फोटो फ्रिडा काहलो यांचा कशासाठी? त्या मेक्सिकोच्या चित्रकार. १९५४ साली वारल्या. सिस्नेरोस त्याच वर्षी शिकागोत जन्मल्या. मेक्सिको-अमेरिका सीमेच्या अलीकडची आणि पलीकडची बाई एकच नव्हे, हे तर या कथेतही दिसतं.

पुढच्या रविवारी दुरुस्ती छापावी. ओढ्याचं नाव ‘ला ग्रितोना’ असंच ठेवावं आणि अर्थ एकदाच खाली द्यावा.

आपली,
एक वाचक, पुणे