लस टोचताना बाळ अंगावर पीत असू द्या : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,

स. न. वि. वि.

दीड महिन्याच्या बाळाला एकाच बैठकीत तीन सुया टोचल्या जातात : पेंटा (पाच रोगांवरची एकत्र लस), पीसीव्ही (न्यूमोकोकल न्यूमोनियावरची) आणि एफ-आयपीव्ही (टोचायची पोलिओ लस). साडेतीन महिन्यांचं झालं की पुन्हा तीन. लशी हव्यातच, त्याबद्दल वाद नाही. तक्रार आहे ती टोचण्याच्या रीतीबद्दल. अजूनही अनेक लसीकरण सत्रांत बाळाला टेबलावर उताणं टाकून पाय दाबून धरतात आणि आई बाजूला तोंड फिरवून उभी असते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्येच सांगितलं आहे की बाळ आईजवळ असावं आणि शक्य तर त्या वेळी अंगावर पीत असावं, म्हणजे सुई कमी दुखते.

सत्रात हे सहज जमतं. आधी रोटा (जुलाबांवरची तोंडावाटे द्यायची लस) आणि पोलिओचे थेंब उरकावेत. मग दोन्ही मांड्या आणि उजवा दंड उघडा करून बाळाला डाव्या बाजूला पाजायला घ्यावं. पकड नीट बसून घुटके ऐकू येईपर्यंत थांबावं. या स्थितीत बाळाची डावी मांडी वर येते, म्हणजे पेंटाची जागा आयती हाताशी. ती झाली की बाळ उजव्या बाजूला. आता उजवा दंड आणि मांडी वर : दंडात एफ-आयपीव्ही, शेवटी मांडीत पीसीव्ही. पुढेही काही मिनिटं पिऊ द्यावं.

अडतं ते समजुतींपाशी. ‘थेंबांनंतर अर्धा तास पाजू नका’ असं आजही सांगितलं जातं. अंगावरच्या दुधाला अशी कसलीही बंदी नाही. दुसरी खोड, सुई आत गेल्यावर सिरिंजचा दट्ट्या मागे ओढून रक्त येतंय का ते पाहण्याची. मांडीच्या बाहेरच्या बाजूला, मधोमध, मोठी रक्तवाहिनी नसते. ओढाओढीत सुई आत हलते, जास्त वेळ राहते आणि बाळ कळवळतं. नंतर कापसाने चोळूही नये, नुसतं दाबून धरावं. आधीच पॅरासिटामॉल पाजून सुईचं दुखणं कमी होत नाही.

दीड वर्षाच्या पोराला आडवं दाबलं की ते जास्तच बिथरतं. त्याला आईच्या मांडीवर, छातीला छाती लावून बसवावं आणि हातात भिरभिरं द्यावं. ‘काही दुखणार नाही’ ही थाप नको. ‘रडलास तर आणखी एक सुई’ ही धमकी तर नकोच.

एसएनसीयूत (आजारी नवजात बाळांच्या विशेष कक्षात) रक्त काढताना पाजणं शक्य नसेल, तर दोन मिनिटं आधी २४ टक्के साखरेच्या द्रावणाचे मोजके थेंब जिभेवर द्यावेत. टाच टोचण्यापेक्षा सरावलेल्या हाताने शिरेतून काढलेलं रक्त कमी दुखतं. गावातल्या सत्रात मात्र साखरपाणी नको. सहा महिने फक्त आईचं दूध, हा आपलाच संदेश. शिवाय साखरेवरून गाडी मधावर जायला वेळ लागत नाही आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मध धोक्याचा.

आमची मागणी एका परिपत्रकापुरती आहे. प्रत्येक सत्रस्थळी पाठीला टेकू देणारी, बिनहाताची एक खुर्ची आणि एक पडदा. एएनएम (लस टोचणाऱ्या परिचारिका) टोचल्यानंतर आईला ठरलेले चार संदेश देतात. टोचण्याआधी एकच वाक्य वाढवा : ‘ताई, बाळाला पाजायला घ्या.’ पर्यवेक्षणाच्या तक्त्यात त्याचा एक रकाना हवा. प्रत्येक बाळामागे काही मिनिटं जास्त जातील, म्हणून आशाताईंनी सगळ्यांना दहालाच न बोलावता तासातासाने बोलवावं, हेही त्याच परिपत्रकात यावं.

आपले,
लसीकरण सत्रांत काम करणारे बालरोगतज्ज्ञ व परिचारिका