मावशी, तुमचा वहीचा कागद मिळाला बरं का

मावशी, नमस्कार.

फोनवर तुम्ही बोलूच देत नाही. थँक्यू म्हटलं की "ओ मॅडम, त्यात काय, ड्युटीच आहे आमची" म्हणता आणि ठेवून देता, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितेय, तुमची लेक मोबाईलवर वाचून दाखवेल तुम्हाला. तुमचं नाव लिहीत नाही, तुम्ही मुलं सांभाळता त्या बालगृहाचं पण नाही आणि तिथून माझ्याकडे आलेल्या मुलाचं तर नाहीच नाही. बाल न्याय कायद्यात कलम 74 आहे, अशा मुलांची ओळख कुठे छापायची नाही. तर त्याला आपण पोरगाच म्हणू, तसंही तुम्ही त्याला तेच म्हणायचा.

तुम्हाला आठवत असेल, मी पहिल्यांदा आले तेव्हा तुम्ही माझ्याकडे जरा संशयानेच बघितलंत. बरोबरच होतं तुमचं. चव्वेचाळीस वर्षांची बिनलग्नाची बाई, सोबत म्हातारी आई, आणि म्हणते मुलगा सांभाळायचाय. आधी आमच्यासारख्यांना फॉस्टर केअरसाठी, म्हणजे दत्तक न घेता काही काळ घरी सांभाळायला, मूल मिळतच नव्हतं, नवरा-बायको दोघं लागायचे, 2024 च्या नव्या नियमांत एकट्या माणसाला परवानगी आली आणि मी अर्ज टाकला. मग गृहचौकशी, मेडिकल, पोलिसांचा दाखला, पगाराच्या स्लिपा, सर येऊन बाथरूमपर्यंत बघून गेले, आईला विचारलं तुमची संमती आहे ना, तर आई म्हणाली मला कोण विचारतंय. सगळं बालकल्याण समितीसमोर झालं, ऑर्डर निघाली आणि दिवाळीची सुट्टी संपल्यावर पोरगा घरी आला. आठ वर्षांचा, एक बॅग, एक पाण्याची बाटली. तुमची त्या दिवशी सुट्टी होती. सुट्टी होती की घेतली होती ते मी विचारणार नाही.

पहिले तीन दिवस काय झाले ते तुम्हाला कधी सांगितलं नाही, आता सांगते. मी त्याच्यासाठी वेगळी खोली केली होती हो, हौसेने, निळा रंग, छताला अंधारात चमकणाऱ्या चांदण्या, नवीन कॉट. तो झोपेच ना. रात्री दोनला बघावं तर कॉटवर ताठ बसलेला, भिंतीला पाठ लावून. काही लागतंय का विचारलं तर "नाही मॅडम". जेवायला काय देऊ तर "काही पण मॅडम". मॅडमच म्हणायचा मला, कारण तिकडे बाहेरून येणाऱ्या सगळ्या बायका मॅडमच. तिसऱ्या दिवशी मी त्याची बेडशीट बदलायला घेतली आणि उशीखालून चपातीचे तुकडे निघाले, वाळलेले, आणि मी वेड्यासारखं त्याच्यासमोर म्हटलं, अरे हे काय, मुंग्या येतील ना. त्याचा चेहरा मला अजून दिसतो. त्या संध्याकाळी तो जेवलाच नाही.

चौथ्या दिवशी बॅग धुवायला काढली तर आतल्या कप्प्यात तुमचा कागद, वहीचं पान, चार घड्या घातलेलं. बाटली गळून खालचा भाग भिजला होता पण वरचं सगळं वाचता येत होतं. मी मोरीत उभ्याउभ्याच वाचला. मावशी, त्याची अख्खी फाईल माझ्याकडे होती, उंची, वजन, लसी, शाळेचे मार्क, समुपदेशकांचा रिपोर्ट, आणि त्यात तो कुठेच नव्हता. तुम्ही लिहिलं होतं "चपातीची कड आधी खातो मधलं ठेवतो. उशीखाली असतं. त्याच्यासमोर काढू नका." तुम्ही लिहिलं होतं की अंघोळीला पाणी आधी पायावर घालायचं, डोक्यावर एकदम नाही. ताप आला तर सांगत नाही, डोळे बघा. शनिवारी बोलत नाही, त्या दिवशी बाकीच्यांना भेटायला माणसं यायची. आणि "एकट्याला झोपवू नका, हॉलमध्ये वीस पोरांचा आवाज ऐकत झोपायची सवय आहे".

एवढे पैसे घालून केलेल्या चांदण्या, आणि पोराला आवाज हवा होता!

त्याच रात्री त्याची गादी आईच्या कॉटशेजारी टाकली. आमची आई घोरते म्हणजे काय घोरते, शेजारचे कुलकर्णी एकदा विचारायला आले होते. पंधरा मिनिटांत पोरगा गाढ. आईला इतका अभिमान वाटला की आता ती सगळ्यांना सांगत सुटलीय, माझ्या घोरण्यावर झोपतो म्हणून. निळ्या खोलीत सध्या इस्त्रीचे कपडे पडलेत.

आणि चपाती. दुसऱ्या दिवसापासून मीच एक डबा ठेवला त्याच्या उशाशी, घट्ट झाकणाचा, काही बोलले नाही. डिसेंबरभर डबा रोज भरायचा. मग एक दिवसाआड. आता त्यात क्रिकेटची कार्डं असतात, वर एखादं पार्ले.

खरं सांगू का, मला तुमचा हेवा वाटायचा. कशालाही "मावशी असं करायच्या". वरणात गूळ घातला तर मावशी नाही घालायच्या. मी एकदा चिडून म्हटलं पण की मग जा मावशींकडे, आणि ते तोंडातून निघाल्या निघाल्या मला कळलं की या पोराला हे वाक्य कधीच म्हणायचं नसतं. तेव्हा तुम्हाला फोन केला होता रात्री साडेदहाला, आठवतंय? तुम्ही नाईटला होता. मला काही उपदेश केला नाहीत, म्हणालात त्याला द्या फोन, आणि त्याला म्हणालात, मॅडमना गुळाचं मीच सांगितलंय, गुपचूप खा. चक्क खोटं.

लोक विचारतात दत्तकच का नाही घेतलंस. त्यांना सांगून दमले की त्याची आई आहे, आजारी आहे, ती बरी झाली तर तो तिचाच आहे, मी मधल्या काळातली आहे. एक जण म्हणाले सरकार पैसे देतं ना. मिशन वात्सल्य या सरकारी योजनेत अशा मुलासाठी महिन्याला 4000 रुपयांची तरतूद आहे, त्यावर बोलायची माझी इच्छा नाही. आईला भेटून आला की दोन दिवस शनिवारसारखा असतो. मी पण मग बोलत नाही, शेजारी बसून लसूण सोलते.

मॅडम बंद झालंय, हे तुम्हाला सांगायचं राहिलं होतं. आई तर म्हणणार नाही, म्हणूही नये, ती जागा तिची आहे. आता नुसतं "अगं" म्हणतो. "अगं, डबा." "अगं, सॉक्स कुठायत." बाकीची मुलं अगंच्या पुढे आई लावतात, आमच्याकडे पुढचं रिकामं आहे आणि मला ते चालतं.

एक काम होतं. त्या कागदाची शेवटची ओळ भिजून गेलीय, "पाऊस आला की" एवढंच वाचता येतं, पुढची शाई पसरलीय. उजेडात धरून बघितलं, आईच्या भिंगातून बघितलं. परवा वळीव झाला तेव्हा तो शाळेत होता, सुटल्यावर भिजून आला आणि काही बोलला नाही. जून जवळ आलाय मावशी. पाऊस आला की काय, ते जरा फोन करून सांगा.