केडगावचा वारसा आठवा

पुण्यातील जुन्या चर्चमधली काही तरुण मंडळी घरगुती प्रार्थनासभांकडे वळत आहेत. ‘तिथे देव भेटतो’, असे ती सांगतात. वडीलधारे उत्तरादाखल धर्मशिक्षणाची पुस्तके पुढे करतात आणि संवाद तिथेच खुंटतो. याचे मला फार वाईट वाटते, कारण ‘अनुभव की अभ्यास’ या प्रश्नाचा वारसा आपल्याच जिल्ह्यात, केडगावला आहे.

पंडिता रमाबाईंनी 1883 मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. तरीही त्रैक्याच्या, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, या शिकवणीवर त्या पत्रांतून निर्भीडपणे वाद घालत राहिल्या. आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण ख्रिस्त पुढे अनेक वर्षांनी भेटला, अशी साक्ष त्यांनी स्वतःच लिहून ठेवली. 1905 मध्ये केडगावला, निराधार स्त्रिया-मुलींसाठीच्या त्यांच्या मुक्ती मिशनमध्ये मुली रडत, मोठ्याने प्रार्थना करू लागल्या. रमाबाईंनी त्यांना गप्प केले नाही. आणि याच बाईंनी हिब्रू-ग्रीक शिकून संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणण्यासाठी वर्षानुवर्षे कष्ट उपसले! अनुभव आला म्हणून त्यांनी अभ्यास सोडला नाही.

संत पौलानेही बायबलमधल्या थेस्सलनीकाकरांना लिहिलेल्या पत्रात पवित्र आत्म्याला विझवू नका आणि सर्व गोष्टींची पारख करा, हे एकाच दमात सांगितले आहे. म्हणून धर्मगुरूंनी तरुणांच्या साक्षी उपासनेत मोकळेपणाने ऐकाव्यात. मात्र ‘प्रार्थना करा, औषधे बंद करा’ असे कुणी सांगत असेल, तर त्याला बायबलच्या आधारे तिथल्या तिथे अडवलेच पाहिजे.

– एक ख्रिस्ती वाचक, पुणे