हुतात्म्यांच्या नावाने युद्ध लांबवण्याचे समर्थन नको

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

श्रीलंकेत गेलेल्या भारतीय शांतिसेनेवरचा आपल्या रविवारच्या अंकातील लेख वाचला. जवानांच्या शौर्याचे त्यातील वर्णन वाचून मन भरून आले. लेखकाचा निष्कर्ष मात्र मला मान्य नाही. मार्च १९९० मध्ये सैन्य परत बोलावल्यामुळे हातातोंडाशी आलेला विजय गेला आणि सुमारे १,२०० जवानांचे बलिदान वाया गेले, आणखी काही महिने कळ काढायला हवी होती, असे त्यांचे म्हणणे आहे. लोकांच्या मनातून उतरलेले युद्ध पुढे रेटायचे असले की हा युक्तिवाद हमखास केला जातो. तो हुतात्म्यांच्या नावाने केला जात असल्यामुळे त्याचा प्रतिवाद करायला भलेभले कचरतात, आणि म्हणूनच हे पत्र सविस्तर लिहीत आहे.

२९ जुलै १९८७ रोजी राजीव गांधी आणि श्रीलंकेचे राष्ट्राध्यक्ष जयवर्धने यांनी कोलंबोत करारावर सह्या केल्या, तेव्हा सैन्य कशासाठी जात आहे याबद्दल संदिग्धता नव्हती. शस्त्रसंधी लागू झाल्यावर ७२ तासांत तिथल्या सरकारशी लढणाऱ्या तमिळ गटांनी शस्त्रे खाली ठेवायची आणि ते सुरळीत पार पडावे म्हणून आपण तिथे उभे राहायचे. ऑक्टोबर उजाडेपर्यंत हेच सैन्य त्या गटांपैकी लिट्टे या संघटनेशी लढू लागले. ११ ऑक्टोबरच्या रात्री जाफना विद्यापीठाच्या मैदानात हेलिकॉप्टरमधून उतरवलेल्या शीख लाइट इन्फन्ट्रीच्या ३० जणांच्या तुकडीला मागून कुमक पोहोचू शकली नाही; २९ जण धारातीर्थी पडले आणि एक जण शत्रूच्या हाती लागला. तेव्हापासून शस्त्रे सोडायला लावणे हे उद्दिष्ट मागे पडून लिट्टेला मोडून काढणे हे उद्दिष्ट झाले. नोव्हेंबर १९८८ मध्ये उत्तर-पूर्व प्रांताच्या निवडणुका होऊन वरदराज पेरुमाळ मुख्यमंत्री झाले, तेव्हा त्यांच्या सरकारचे रक्षण हे कारण पुढे आले. पुढे श्रीलंकेचे नवे राष्ट्राध्यक्ष प्रेमदासा यांनी १ जून १९८९ रोजी जाहीरपणे, जुलैअखेर सैन्य न्या, असे सांगितल्यावर मुदतीच्या दडपणाखाली भारताने निघून जाणे शोभणार नाही, हा मुद्दा मोठा झाला. ज्याच्या निमंत्रणावरून आपण गेलो त्याच देशाचे सरकार जा म्हणत होते आणि ज्या तमिळ जनतेसाठी गेलो तिच्यातही आपल्याविषयी संताप होता. तरीही राहण्याला दर वेळी नवे कारण सापडत गेले.

कारण बदलले की हिशेब नव्याने मांडायला हवा, हे माझ्या मते या साऱ्या वादातले कळीचे सूत्र आहे. शस्त्रे जमा करण्यासाठी पाठवलेले सैन्य एखाद्या प्रांतिक सरकारच्या पाठीशी किती वर्षे उभे करायचे, हा प्रश्न देशासमोर स्वतंत्रपणे ठेवायला हवा होता. तो ठेवला गेला नाही. आधीच्या कारणासाठी प्राण दिलेल्यांची नावे पुढच्या कारणाच्या समर्थनाला जोडली गेली.

हे केवळ आपल्याकडेच घडले असेही नाही. व्हिएतनाममध्ये अमेरिकेचे भूदल उतरू लागले त्याच महिन्यात, मार्च १९६५ मध्ये, संरक्षण खात्यातील जॉन मॅकनॉटन या वरिष्ठ अधिकाऱ्याने अमेरिकेच्या उद्दिष्टांची टक्केवारीच टिपणात मांडली होती: मानहानीकारक पराभव टाळणे ७० टक्के, तो प्रदेश चीनच्या हाती जाऊ न देणे २० टक्के आणि दक्षिण व्हिएतनामच्या जनतेला अधिक चांगले, स्वतंत्र जीवन मिळू देणे १० टक्के. जाहीर भाषणांत सगळा भर या शेवटच्या दहा टक्क्यांवर असे. हे टिपण लोकांसमोर आले ते १९७१ साली, पेंटागॉनचे गुप्त दस्तऐवज फुटले तेव्हा. त्या युद्धात ५८ हजारांहून अधिक अमेरिकी सैनिक गेले, व्हिएतनामी माणसे तर लाखोंनी गेली. प्रतिष्ठेसाठी लढतो आहोत असे उघडपणे सांगितले असते, तर कोणत्या आईने आपला मुलगा त्या कारणासाठी दिला असता?

आता ‘आणखी काही महिने’ या मुद्द्याकडे वळतो. माघारीचा निर्णय राजीव गांधींनंतर पंतप्रधान झालेल्या व्ही. पी. सिंह यांनी एकट्याने घेतला, असा लेखाचा सूर आहे. वस्तुस्थिती अशी की सप्टेंबर १९८९ मध्ये, म्हणजे राजीव गांधी पंतप्रधान असतानाच, भारत आणि श्रीलंका यांच्यात समझोता होऊन शांतिसेनेच्या आक्रमक कारवाया थांबवण्याचे आणि ३१ डिसेंबरपर्यंत सैन्य परत नेण्यासाठी सर्वतोपरी प्रयत्न करण्याचे ठरले होते. नव्या सरकारने तीच वाट पुढे नेली आणि २४ मार्च १९९० रोजी शेवटची तुकडी त्रिंकोमालीहून निघाली. दुसरे असे की, लिट्टेचा बीमोड करायला खुद्द श्रीलंकेच्या सैन्याला, आपल्याच भूमीवर लढत असताना, मे २००९ उजाडावा लागला. जे काम एकोणीस वर्षांनी झाले ते आपले सैन्य काही महिन्यांत उरकणार होते, असे मानायला आशेपलीकडे कोणता आधार आहे, हे लेखकांनी सांगितलेले नाही.

त्यांच्या म्हणण्यातला एक भाग मात्र खरा आहे आणि तो मला अस्वस्थ करतो. आपल्या भरवशावर जे तमिळ लोक उभे राहिले, त्यांना आपण वाऱ्यावर सोडले. पेरुमाळ यांच्या ईपीआरएलएफ या तमिळ संघटनेचे नेते पद्मनाभ यांची आणि त्यांच्या सहकाऱ्यांची जून १९९० मध्ये मद्रासमध्ये, आपल्या भूमीवर, हत्या झाली. सैन्य काढून घेताना मागे राहणाऱ्यांच्या जिवाची तजवीज करणे ही जबाबदारी होती आणि ती आपण पार पाडली नाही. पण जायचे कसे याचे उत्तर शोधले नाही, हे राहण्याचे समर्थन होऊ शकत नाही.

युद्धाला विरोध म्हणजे जवानांचा अपमान, असेही लेखात सुचवले आहे. परतलेल्या तुकड्यांच्या स्वागताला तमिळनाडूचे तत्कालीन मुख्यमंत्री करुणानिधी गेले नाहीत, ही गोष्ट मला अत्यंत चुकीची वाटते; धोरण ठरवणाऱ्यांवरचा राग हुकूम पाळणाऱ्यांवर काढण्यासारखे ते होते. मुंबईत जन्मलेले मेजर रामस्वामी परमेश्वरन हे महार रेजिमेंटच्या आठव्या बटालियनचे अधिकारी. २५ नोव्हेंबर १९८७ च्या रात्री शोधमोहिमेवरून परतताना त्यांच्या तुकडीवर दबा धरून हल्ला झाला. छातीत गोळी लागलेली असताना त्यांनी समोरच्याची रायफल हिसकावून त्याला ठार केले आणि अखेरचा श्वास घेईपर्यंत ते आपल्या जवानांना सूचना देत राहिले. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. त्यांचा पराक्रम माघारीने वाया जात नाही आणि युद्ध आणखी लांबले असते म्हणून उजळला असता असेही नाही. तो त्या रात्रीच पूर्ण झाला होता. आमच्या सातारा जिल्ह्यात घरटी एक माणूस फौजेत असलेली गावे आहेत. मुलाच्या पत्रावर ठिकाणाचे नाव नसे, फक्त एपीओचा, म्हणजे लष्करी टपाल कार्यालयाचा, क्रमांक असे, आणि तो पाकिटावर लिहून उत्तर धाडणाऱ्या घरांना आपला मुलगा कोणत्या कारणासाठी तिथे आहे हे विचारण्याचा पूर्ण हक्क आहे.

हा हक्क बजावायला आपल्याकडे जागाच अपुरी आहे. परदेशात सैन्य पाठवण्यासाठी किंवा ते तिथे ठेवण्यासाठी संसदेची मंजुरी घेण्याचे बंधन सरकारवर नाही. व्हिएतनामने पोळल्यावर अमेरिकेच्या काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, १९७३ मध्ये अध्यक्ष निक्सन यांचा नकाराधिकार झुगारून कायदा केला आणि मंजुरीविना सैन्य लढवत ठेवण्यावर साठ दिवसांची मर्यादा घातली. त्या कायद्यातून पुढे अनेक अध्यक्षांनी पळवाटा काढल्या, हे खरे. तरीही सरकारला जाब विचारायला तो एक आधार तिथे आहे. आपल्याकडे निदान एवढे व्हावे की, परदेशातील मोहिमेचे उद्दिष्ट बदलले तर ठराविक मुदतीत संसदेत त्यावर चर्चा आणि मतदान व्हावे, आणि १९८७ ते १९९० या काळातील शांतिसेनेविषयीची मंत्रिमंडळाची व लष्कराची कागदपत्रे सरकारने अभ्यासकांना खुली करावीत. संरक्षण मंत्रालयाच्या २०२१ च्या धोरणानुसार युद्धविषयक कागदपत्रे साधारणतः पंचवीस वर्षांत खुली व्हायला हवीत आणि ही मुदत शांतिसेनेच्या बाबतीत केव्हाच उलटून गेली आहे. आपल्या दैनिकाने ही मागणी लावून धरावी, अशी विनंती आहे.

आपला विश्वासू,
एक वाचक, सातारा